सहल अभयारण्यात: फिरायचं कसं, मुक्काम कुठे, आणि मासे धरता येतात का?

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं की आपल्या गटांमध्ये सहलीचा विषय निघतो. शेगाव, माहूर, पोहरादेवी, शिर्डी ही नावं ठरलेलीच. यंदा मात्र तीन-चार गावांच्या बैठकीत बायांनी वेगळं विचारलं. "मॅडम, आपल्या सोहोळच्या हरणांच्या जंगलात जाता येते का? का पकडून नेतात?" त्याला जोडून आणखी प्रश्न आले. तिथे रोडगे लावता येतील का? रात्री राहता येईल का? धरणावर मासे धरले तर चालेल का?

काही जणी हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माळाला लागून असलेल्या गावातल्या बाया तिकडे आजवर गेल्या त्या गवताला, काड्यांना, नाहीतर शेण वेचायला. म्हणजे कामाला, आणि मनात धाकधूक ठेवूनच. त्याच जागेत परवानगी काढून, ताठ मानेने, नुसतं पाहायला जाता येतं हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नाही. म्हणून या अंकात एकेक प्रश्न घेऊन उत्तर देते आहे.

अभयारण्य म्हणजे नेमकं काय?

आपण सगळ्यालाच "जंगल" म्हणतो. कायद्यात मात्र त्याचे प्रकार आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. या कायद्याखाली सरकार एखादी जागा वन्यप्राण्यांसाठी "अभयारण्य" म्हणून जाहीर करतं. त्याहून कडक प्रकार म्हणजे "राष्ट्रीय उद्यान". राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण मनाई असते. अभयारण्यात चराईवर नियंत्रण असतं आणि ती कुठे, किती चालेल हे वन्यजीव विभागाचे अधिकारी ठरवतात.

आपल्या कामाची गोष्ट याच कायद्यात आहे. कलम २७ सांगतं की अभयारण्यात कोणीही असंच शिरायचं नाही. कलम २८ सांगतं की परवानगी कोणकोणत्या कारणासाठी देता येते. त्यात अभ्यास आहे, फोटो काढणं आहे आणि पर्यटन पण आहे. म्हणजे "आम्हाला हरणं पाहायची आहेत" हे कायद्यात बसणारं कारण आहे. ते सांगायला मुंबई-पुण्याची गाडी लागत नाही. कारंजा-मानोऱ्याच्या बाईलाही तोच हक्क आहे.

आपल्या जवळ काय काय आहे?

सगळ्यात जवळचं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य. ते २००० साली जाहीर झालं. क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण साडेचार हजार एकर. आकाराने लहान आहे आणि दाट जंगल नाही. पहिल्यांदा पाहणारी म्हणेल, "हे काय, हा तर माळ आहे!" बरोबर आहे, माळच आहे. काळविटाला तोच लागतो.

काळवीट दाट झाडीत राहत नाही. दूरवर नजर जाईल आणि धोका दिसला की सुसाट पळता येईल, अशी मोकळी जागा त्याला पाहिजे. पळताना ते ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग घेतं, म्हणजे आपल्या एसटीला मागे टाकेल. मोठा नर वरून काळा, पोटाखाली पांढरा, शिंगं पिळदार. मादी पिवळसर तपकिरी आणि बहुतेक बिनशिंगी. पिल्लू झालं की मादी त्याला सुरुवातीचे काही दिवस गवतात लपवून ठेवते आणि स्वतः लांब चरते. म्हणून गवतात एकटं पिल्लू दिसलं तर "बिचारं, आई टाकून गेली" म्हणून उचलायचं नाही. आई जवळपासच असते. आपण हात लावला, गर्दी केली, तर ती जवळ यायला घाबरते.

माळाला आपण पडीक म्हणतो, ई-क्लास म्हणतो, कामाची नसलेली जागा समजतो. पण पवन्या, मारवेल, कुसळी असं गवत असलेल्या माळावर फक्त काळवीटच राहत नाही. अकोला-वाशीमच्या गवताळ भागात तणमोर नावाचा पक्षी आढळलेला आहे. आज तो जगातल्या अति धोक्यात असलेल्या पक्ष्यांमध्ये गणला जातो. पावसाळ्यात त्याचा नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो आणि मादी जमिनीवरच अंडी घालते. कारंज्याच्या संवेदना संस्थेने फासेपारधी समाजाला सोबत घेऊन हे माळ आणि हा पक्षी राखायचं काम केलं आहे. शिकारीमुळे ज्या समाजाला नावं ठेवली गेली, त्यांना माळाची जी जाण आहे ती दुसऱ्या कोणाला नाही. हे आपल्याच तालुक्यात झालं आहे.

दुसरं काटेपूर्णा अभयारण्य. ते अकोला आणि वाशीम जिल्ह्यात आहे, १९८८ साली जाहीर झालं, क्षेत्र ७३.६९ चौरस किलोमीटर. ते काटेपूर्णा धरणाच्या भोवती आहे. तिथे सागाचं जंगल आणि पाणी दोन्ही असल्यामुळे हिवाळ्यात पक्षी भरपूर येतात. आणि लांबचं, मोठं म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ ठिकाणांपैकी ते एक आहे.

फिरायचं कसं?

आधी वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन किंवा फोन करून विचारायचं. कोणत्या फाटकातून प्रवेश आहे, कोणत्या वेळी, माणशी आणि गाडीमागे किती शुल्क, सोबत वाटाड्या घ्यावा लागतो का. हे दर बदलत असतात, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पावती घ्या. अर्जात गटाचं नाव, किती बाया, किती मुलं, तारीख, गाडीचा नंबर एवढं पुरे.

फिरायचं ते ठरलेल्या वाटेनेच. वाट सोडायची नाही, त्याला दोन कारणं आहेत. एक, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि लपवलेली पिल्लं पायाखाली येतात. दोन, घोणस आणि फुरसं हे दोन्ही विषारी साप गवतात बसलेले दिसत नाहीत. चप्पल घालून जाऊ नका, बंद बूट घाला. साप चावलाच तर बांधणं, कापणं, मंत्र काही नाही. हालचाल कमी करायची, १०८ ला फोन करायचा आणि दवाखाना गाठायचा.

काळवीट पाहायची वेळ सकाळची पहिली दोन तास आणि संध्याकाळ. दुपारी ती सावलीला बसतात, तुम्हाला नुसतं ऊन दिसेल. दिवस हिवाळ्याचे चांगले, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याच दिवसात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी लांबच्या देशांतून येऊन माळावर घिरट्या घालताना दिसतात. भडक साड्या, मोठ्याने गाणी, मोबाईलचा स्पीकर हे त्या दिवसापुरतं बाजूला ठेवा. चाळीस जणी एकदम न जाता पंधरा-वीस जणींच्या तुकड्या करा. अत्तर आणि डोक्याला वासाचं तेल लावू नका, आग्या मोहोळाच्या माशा वासाने चवताळतात.

संडास-बाथरूमची सोय आत मिळेलच असं नाही, म्हणून फाटकावर आधी विचारून घ्या. पाळी असेल तर घरी राहायची गरज नाही. पॅड आणि एक बंद होणारी पिशवी सोबत ठेवा आणि वापरलेलं परत आणा. कचरा टाकणं आणि प्राण्यांना त्रास देणं या दोन्हींना कायद्यातच मनाई आहे, हा नुसता फलकावरचा उपदेश नाही.

रोडगे लावता येतील का?

नाही. कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावायला मनाई आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर माळ वाळलेला असतो, गोवरीची एक ठिणगी वाऱ्याने उडाली तर मैलभर गवत जातं. रोडगे आणि वांग्याची भाजी करायचीच असेल तर अभयारण्याबाहेर, एखाद्या ताईच्या शेतात करा.

पण मला एक सुचवायचं आहे. वर्षात एक दिवस बाया घराबाहेर पडतात आणि त्या दिवशी पण पहाटेपासून चुलीपुढेच बसतात. त्यापेक्षा भाकरी, ठेचा, चटणी, पुऱ्या असा डबा बांधा, नाहीतर खानावळ चालवणाऱ्या दुसऱ्या गटाला ऑर्डर द्या. त्यांना धंदा मिळेल आणि तुम्हाला सुट्टी.

रात्री राहता येते का?

अभयारण्यात आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही, पाल टाकून झोपता येत नाही. पर्यटकांना दिवसाउजेडीच आत सोडतात. रात्र ही प्राण्यांची फिरायची वेळ असते. मुक्काम करायचा तर तो वनविभागाने ठरवून दिलेल्या जागेतच, आधी नोंदणी करून. मेळघाटात सेमाडोहला वनविभागाचं पर्यटन संकुल आहे, तिथे राहायची सोय आहे. जाताना प्रत्येकीचं आधार कार्ड लागतं. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाचा आतला भाग बंद असतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर ठरवू नका.

आपल्या पहिल्या सहलीला मी मुक्काम सुचवत नाही. बऱ्याच घरात "रात्री बाहेर" म्हटलं की सहलच रद्द होते. सकाळी सहाला निघून दुपारी परत, अशी सोहोळची एक सहल आधी होऊ द्या. घरच्यांना एकदा सवय झाली की पुढच्या वर्षी सेमाडोहचं नाव काढता येईल.

मासे धरता येतात का?

या प्रश्नाचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं.

अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात: नाही. तिथला मासा हा पण वन्यजीवच आहे. गळ असो, जाळं असो की ओढणी लावून धरलेले झिंगे असोत, परवानगीशिवाय गुन्हा आहे. नियम मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काळविटासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार झाली तर कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आहे. पक्ष्याची अंडी उचलणं, घरटं मोडणं हे पण कायद्याने शिकारच आहे. मुलांना हे नक्की सांगा.

अभयारण्याबाहेरच्या धरणात, तलावात: अडाणसारख्या धरणाचं पाणी मोकळं दिसतं, पण त्यातल्या माशांचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांनी पैसे भरून कटला, रोहू, मृगल यांचं बीज सोडलेलं असतं. त्यात आपण जाळं टाकणं म्हणजे दुसरीच्या वावरातला कापूस वेचण्यासारखं आहे. हौसेने गळ टाकायचा असेल तर संस्थेला विचारून टाका, नाहीतर काठावर ताजा मासा विकत घ्या. भोई समाजाच्या आपल्या गटातल्या बाया तोच मासा बाजारात विकतात, पैसा आपल्यातच राहील. हद्द कुठे संपते हे कळत नसेल तर वनरक्षकाला विचारा. आणि धरणाच्या पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसतं, खाली गाळ असतो.

मासे पाळायचे असतील तर सगळ्यात सरळ मार्ग आपलं शेततळं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली. तिच्यात महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवलं, इतरांना ४० टक्के. सध्याचे अर्ज आणि अटी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या.

पण ताई, हीच हरणं आमचं सोयाबीन खातात!

हे म्हणणारी ताई खरं बोलते. हरणं, रोही आणि रानडुकरं रात्रीत उभं पीक बसवतात. ज्या घरात रात्रभर जागल करावी लागते, तिथे "चला हरणं पाहायला" म्हणणं जिवावर येतं. सहलीने हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून नुकसानभरपाईची रीत पण माहीत पाहिजे.

• पिकाचं नुकसान झाल्यावर ३ दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे तक्रार द्यायची. चौथ्या दिवशी अडचण होते.
• पंचनामा होईपर्यंत पीक उपटू नका, पायाचे ठसे बुजवू नका. तारीख दिसेल असे फोटो काढा.
• सातबारा, आधार, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स तयार ठेवा. पंचनाम्याची प्रत मागा.
• काळवीट, रोही, रानडुक्कर या तिन्हींच्या नुकसानीसाठी शासनाची मदत आहे. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

अर्ज सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्याच नावाने होतो. पेरणी, निंदण, कापणी सगळं करणाऱ्या बाईचं नाव तिथे नसेल तर पैसा तिच्या खात्यात येत नाही. आपल्या गटात किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे हे एकदा बैठकीत मोजा.

दुसरी गोष्ट, कुंपणात वीज सोडणं. त्याने काळवीट मेलं तर शेतकऱ्यावर गुन्हा होतो, आणि पहाटे वावरात जाणारी घरचीच बाई त्या तारेला चिकटू शकते. कोणाच्या शेतात असं दिसलं तर गप्प बसू नका.

यातून गटाला काम मिळेल का?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना मांडवीच्या खाडीतलं कांदळवन दाखवतात. २०१७ साली त्यांनी हे सुरू केलं. ज्या खाडीला आधी कोणी पाहायची जागा म्हणत नव्हतं, तिथे त्यांनी झाडं, पक्षी, खेकडे ओळखायला शिकून घेतलं. चंद्रपूरच्या ताडोब्यात तर बाया गाईड म्हणून गाडीत बसतात आणि परदेशी पाहुण्यांना वाघाची माहिती सांगतात.

सोहोळला वाघ नाही, ताडोब्यासारखी गर्दी होणार नाही. खोटी आशा लावून कर्ज काढायला मी सांगणार नाही. पण कारंज्याला गुरुमंदिरात रोज परगावची माणसं दर्शनाला येतात आणि आता समृद्धी महामार्गही कारंज्याजवळून जातो. त्यातल्या काहींना सकाळी काळवीट दाखवायला नेता येईल. सुरुवात लहान ठेवा. मागणीप्रमाणे डबा आणि चहा, पवन्या-मारवेल ओळखणारी एखादी जाणती मावशी, बारावी झालेल्या एक-दोन मुली वाटाड्या म्हणून. त्यासाठी गावात ग्राम परिस्थितिकीय विकास समिती आहे का, तिच्यात बाया किती आहेत, हे ग्रामसभेत विचारा.

सहलीआधीची यादी

१. खर्च प्रत्येकीने वर्गणी काढून करा. गटाची बचत आणि फिरता निधी सहलीला वापरू नका.
२. एसटीने गेलात तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या आजींना प्रवास मोफत आहे. अख्खी गाडी करारावर घ्यायची असेल तर सवलतीचं आगारात विचारून घ्या.
३. माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा डोक्याला रुमाल, बंद बूट, ओआरएस, प्रथमोपचार पेटी.
४. माती-गवताच्या रंगाचे कपडे. एखाद्या घरात दुर्बीण असेल तर मागून आणा.
५. प्लास्टिकच्या पुड्या नको, डबे न्या.
६. निघताना आणि परत आल्यावर डोकी मोजायला एकीला नेमा. तिच्याकडे सगळ्यांचे फोन नंबर असू द्या.

येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. किती जणी तयार आहेत, कोणता दिवस, अर्ज कोण लिहिणार, हे ठरावाच्या वहीत लिहा आणि नावं माझ्याकडे किंवा आपल्या सीआरपी ताईकडे द्या. अर्जाचा नमुना कार्यालयात ठेवला आहे. पहिल्या यादीत सासवा आणि सुना दोघींची नावं असावीत असा माझा आग्रह आहे. माळावरची कोणती वाट कुठे निघते हे सासूला ठाऊक असतं, फाटकावरचा फलक सून वाचते.